पाळलेला उड्या कोळी आणि त्याचा घास: कोकणातल्या घरासाठी सविस्तर मार्गदर्शक

उड्या कोळी, म्हणजे जंपिंग स्पायडर, पाळणाऱ्यांची एक तक्रार पुन्हापुन्हा कानावर येते. काल संध्याकाळपर्यंत ठणठणीत होता, माशीवर नेमकी झेप घेतली, पोटभर खाल्लं, आणि आज सकाळी डब्याच्या तळाशी उताणा पडून पाय झाडतोय. मग विचारणा होते की औषध कोणतं द्यायचं. पण त्याआधी दोन गोष्टी आठवायला हव्यात: गेल्या दोन दिवसांत त्याने काय खाल्लं आणि तो किडा कुठून आणला होता?

कोळ्याला झालेल्या विषबाधेवर घरी देता येईल असा उतारा नाही. स्वच्छ हवा, पाणी आणि शांतता एवढंच आपल्या हातात असतं. कधी तेवढ्याने कोळी सावरतो, कधी नाही. म्हणून या लेखाचा मोठा भाग घासाबद्दल आहे आणि आजारपणाचा भाग त्याच्या मागून येतो.

कोकणात हा विषय जरा वेगळा लिहावा लागतो. इंटरनेटवरची बहुतेक माहिती अमेरिकेतल्या फिडिपस रेगियस या मोठ्या जातीसाठी, तिथल्या कोरड्या खोल्या आणि तिथली दुकानं धरून लिहिलेली असते. आपल्याकडे पाळले जातात ते बहुधा घरच्याच भिंतीवरचे प्लेक्सिपस किंवा मेनेमेरस, अंगाने साधारण सेंटीमीटरभर. परसातल्या पानांवर सापडणारी टेलामोनिया किंवा दांडगा हायलस एखाद्याकडे असतो. दुकानात खाद्यकिडे मिळत नाहीत, पण दारात किडे मुबलक. आणि त्याच दारापासून हाकेच्या अंतरावर फवारणीचा पंपही चालू असतो.

एवढ्याशा विषाने कोळी का कोलमडतो

कोळी भक्ष्य चावून गिळत नाही. त्यात पाचकरस सोडतो, जबड्यांनी मळतो आणि विरघळलेला रस शोषतो. किड्याच्या पोटात काय होतं आणि त्याच्या अंगावर काय चिकटलं होतं, ते सगळं या रसात उतरतं. शिवाय भक्ष्य बऱ्याचदा कोळ्याच्या निम्म्या आकाराचं असतं. म्हणजे माशीला न मारणारी मात्राही कोळ्याच्या दृष्टीने लहान राहत नाही.

दुसरी गोष्ट पायांची. कोळ्याच्या पायांतल्या मुख्य सांध्यांना पाय सरळ करणारे स्नायू नसतात. शरीरातल्या द्रवाचा दाब वाढवून तो पाय लांब करतो आणि मागच्या पायांत असाच दाब भरून उडी घेतो. अंगातलं पाणी कमी झालं की दाब पडतो आणि पाय आत वळतात. म्हणूनच तहानलेला कोळी आणि मरणासन्न कोळी वरवर सारखेच दिसतात, आणि पहिला बऱ्याचदा वाचवता येतो. हे लक्षात असू द्या, पुढे कामाला येईल.

विष घरापर्यंत कोणत्या वाटेने येतं

पहिली वाट हापूसच्या कलमांची. पालवी आली, बोंगे फुटले, मोहोर फुलू लागला की तुडतुड्यांसाठी फवारण्या सुरू होतात. साधारण नोव्हेंबरपासून फळ धरेपर्यंत त्या ठरावीक अंतराने चालतात. डेल्टामेथ्रिन, लॅम्बडा सायहॅलोथ्रिन, इमिडाक्लोप्रिड, थायमेथॉक्झाम ही त्यातली नेहमीची नावं. काजूवरच्या ढेकण्या या किडीसाठीही पालवी-मोहोराच्या दिवसांत फवारणी होते. बागायतदाराने पीक वाचवायला औषध मारणं यात त्याची चूक काही नाही. कोळ्यासाठी किडा कुठून उचलायचा ही जबाबदारी आपली. या महिन्यांत कलमांच्या आसपास मिळालेला एकही किडा डब्यात जाऊ नये. मोहोरावर घोंगावणाऱ्या माशा तर मुळीच नाहीत. शेजारच्या बागेत विचारायला संकोच करू नका. "दादा, शेवटची फवारणी कधी झाली? पुढची कधी आहे?" एवढं विचारलं की लोक आपणहून सांगतात, आणि फवारणीच्या सकाळी खिडक्या लावून घेता येतात.

फळमाशीच्या सापळ्यांजवळ पडलेल्या माशांनाही हात लावू नका. अनेक सापळ्यांत गंधाबरोबर कीटकनाशकही असतं.

दुसरी वाट घरातलीच, आणि माझ्या मते जास्त धोक्याची, कारण तिच्याकडे विष म्हणून कोणी बघत नाही. तिन्हीसांजेला लावलेली मच्छर अगरबत्ती, रात्रभर जळणारं लिक्विडचं मशीन, ओट्याच्या कडेने ओढलेली मुंग्यांच्या खडूची रेघ, कपाटामागे मारलेला झुरळांचा स्प्रे. या बहुतेकांत पायरेथ्रॉइड गटातली द्रव्यं असतात. ही द्रव्यं मज्जातंतूंमधली सोडियमची दारं नीट मिटू देत नाहीत, त्यामुळे संदेश थांबतच नाहीत आणि शरीर झटके देत राहतं. डासांसाठी बनवलेलं विष कोळ्यालाही लागू पडतं. जिथे कोळी आहे त्या खोलीत मशीन आणि अगरबत्ती बंद, हा नियम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. झोपायला मच्छरदाणी उत्तम. डांबराच्या गोळ्या ठेवलेल्या कपाटात कोळ्याचा डबा ठेवू नका.

खडूची रेघ ओलांडून आलेली माशी किंवा झुरळाचं पिल्लू लगेच मरत नाही. ते मंदावतं. भिंतीवर सुस्त बसलेली माशी आपण सहज चिमटीत धरतो आणि आयतं खाणं मिळालं म्हणून खूष होतो. मला सगळ्यात जास्त भीती याच माशीची वाटते. निरोगी माशी सहजासहजी हाती लागत नाही. जो किडा पळत नाही, उताणा पडतो, पाय ओढतो, एकाच जागी गोल फिरतो, तो कोणीतरी आधीच मारलेला आहे असं धरून चाला.

तिसरी वाट धान्याची. तांदूळ-गहू टिकवण्यासाठी बोरिक पावडर लावायची पद्धत आपल्याकडे घरोघर आहे. ही पावडर किड्यांसाठी पोटविष आहे. कणग्यांत, पिंपांत कीड मारणाऱ्या गोळ्याही ठेवल्या जातात. अशा धान्यातले पाकोळे, अळ्या किंवा त्याच धान्याचा कोंडा खाद्यकिड्यांसाठी घेऊ नका.

बाकीच्या वाटा थोडक्यात. जोत्यात वाळवीचं औषध घातलेलं असेल तर पहिल्या पावसानंतर दिव्यावर येणाऱ्या पंखवाल्या वाळव्या त्याच जमिनीतून वर आलेल्या असू शकतात. पावसाळ्यात गावात डासांसाठी धूरफवारणी होते. गाडीचा आवाज आला की डबा आतल्या खोलीत न्या, दारं-खिडक्या लावा आणि वास पूर्ण गेल्याशिवाय बाहेर काढू नका. गणपतीच्या आधी घराला रंग लागतो, कानाकोपऱ्यांत औषध मारलं जातं, मग आरतीचा कापूर आणि धूप. त्या पंधरवड्यात कोळ्याचा मुक्काम रंग न लागलेल्या, हवेशीर खोलीत हलवा. कुत्र्या-मांजराला गोचीड-पिसवांचं औषध लावलेल्या हातांनी, किंवा डास पळवणारं मलम चोळलेल्या हातांनी डबा उघडू नका. साबणाने हात धुवा, नीट खळबळा, कोरडे करा, मगच.

रानातले किडे: कोणते कधीच नाहीत

फवारणी नसलेल्या ठिकाणचाही प्रत्येक किडा चालत नाही. मे अखेर ते जूनमध्ये झाडांवर लुकलुकणारे काजवे कोळ्याला देऊ नका. काजव्यांच्या अनेक जातींच्या अंगात स्वसंरक्षणासाठी विषारी द्रव्य असतं. रुईवरचे किडे, अळ्या आणि त्यांची फुलपाखरं टाळा, कारण रुईच्या चिकातलं विष ती अंगात साठवतात. लाल-काळे, केशरी-काळे भडक ढेकूण, हात लावताच घाण वास सोडणारे हिरवे किडे, केसाळ सुरवंट, अंगाला लागला की फोड आणणारा भुंगेरा, पावसाळ्यात दिव्यावर येणारा आणि कातडीवर चिरडला की भाजल्यासारखा चट्टा उठवणारा तो बारीक काळा-केशरी किडा, हे सगळे वर्ज्य.

मुंग्याही नकोत. आंब्यावर पानं शिवून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्या तर उलट कोळ्यालाच फाडतील. गांधीलमाशी, मधमाशी, दुसरे कोळी, गोम: नाही. कचराकुंडीवरच्या किंवा सुकत घातलेल्या मासळीवरच्या माशा थेट देऊ नका. त्यांच्यावर आधी काय फवारलं गेलं असेल ते आपल्याला कळत नाही आणि त्या जंतूही वाहून आणतात.

रानातल्या किड्यांबरोबर परजीवी येण्याचा धोका असतो. शिवाय तुमचा कोळी स्वतःच रानातून आणलेला असेल तर परजीवी अळी त्याच्या पोटात आधीपासूनच असू शकते. काही माश्यांच्या अळ्या लहान कोळ्याच्या शरीरात शिरतात आणि महिनोन्‌महिने आत राहून एक दिवस बाहेर पडतात. अशा वेळी तुम्ही दिलेल्या घासाला बोल लावण्यात अर्थ नसतो.

घरचं खाणं: चिलटांची बरणी

केळ्याभोवती घोंगावणारी चिलटं म्हणजे पिल्लांचं आणि लहान जातींचं सर्वांत भरवशाचं खाणं. एकदा बरणी लागली की खर्च नाही, कुरियरची वाट बघणं नाही, आणि मुख्य म्हणजे किडा कुठे जन्मला हे तुम्हाला ठाऊक असतं.

रुंद तोंडाची काचेची बरणी साबणाने धुऊन, भरपूर पाण्याने खळबळून कडकडीत उन्हात वाळवा. पिकलेलं केळं आधी धुवा, मग सोला आणि फक्त गर घ्या. सालीवर पिकवायची किंवा बुरशीची औषधं असू शकतात, म्हणून साल बरणीत नको. गर कुस्करून त्यात शिजवून घट्ट केलेला थोडा रवा किंवा ओट्स मिसळा. चमचाभर व्हिनेगर घाला, त्याने बुरशीला आळा बसतो. मिश्रण गार झालं की वर चिमूटभर पावाचं यीस्ट भुरभुरा. बरणीत दोन बोटं उंचीचा थर पुरे. त्यात अंड्यांच्या ट्रेचा तुकडा किंवा चुरगळलेला कोरा कागद उभा रोवा, म्हणजे चिलटांना चढायला जागा होते आणि ती लगद्यात बुडत नाहीत. छापील वर्तमानपत्र नको.

आता बरणी तासाभरासाठी स्वयंपाकघरात उघडी ठेवा. अर्थात तिथे आठवडाभर कुठलाही स्प्रे मारलेला नसावा. दहा-पंधरा चिलटं आत गेली की तोंडावर दाट विणीचं सुती कापड ताणून रबर लावा. ही बाहेरून आलेली चिलटं कोळ्याला द्यायची नाहीत. ती अंडी घालतील. आठवड्याभराने त्यांना बाहेर सोडून द्या. २५ अंशांच्या आसपास अंड्यापासून नवं चिलट व्हायला साधारण १० ते १२ दिवस लागतात. बरणीत जन्मलेली ही पिढी तुमची.

जोर धरलेल्या बरणीतून थोडी चिलटं घेऊन दर आठवड्याला नवी बरणी लावत जा. जुनी बरणी महिनाभरात बाद करा. एप्रिल-मेमध्ये ३० अंशांच्या वर तापमान राहिलं की चिलटांची पैदास मंदावते. तेव्हा बरणी माठाशेजारच्या गार कोपऱ्यात ठेवा. पावसाळ्यात शत्रू दुसरे: बुरशी आणि पिठासारखे दिसणारे बारीक माइट. हिरवी-काळी बुरशी धरलेली बरणी सरळ फेकून द्या, वाचवायचा मोह धरू नका. माइट एका बरणीतून दुसरीत चालत जातात, म्हणून बरण्या साबणाच्या पाण्याच्या ताटलीत उलट्या वाट्या घालून त्यांवर ठेवा. मुंग्याही अडतात, खडूची गरजच राहत नाही.

ही चिलटं उडतात, त्यामुळे डब्यात सोडताना निम्मी घरभर होतात. बरणी पाच-सात मिनिटं फ्रिजमध्ये ठेवली की ती गारठून सुस्त होतात आणि छोट्या कुपीत ओतून घेता येतात. बिनपंखी जातीची चिलटं ऑनलाइन मिळतात. ती आणली तर त्यांची बरणी रानातल्या चिलटांपासून घट्ट बंद ठेवा. संकर झाला की पुढच्या पिढ्यांना पंख येतात.

मोठ्या कोळ्यासाठी

पूर्ण वाढलेल्या प्लेक्सिपसला किंवा हायलसला चिलटांनी पोट भरत नाही. त्यांना माशी सगळ्यात मानवते. ती उडते, कोळ्याला शिकार करायला लावते आणि झोपलेल्या कोळ्याला चावत नाही. घरमाशी गव्हाच्या ओलसर कोंड्यावर थोडं दूध शिंपडून घरच्या घरी वाढवता येते. वास येतो, म्हणून ही बरणी मागीलदारी, मुंग्या आणि कोंबड्यांपासून दूर. उबदार हवेत अंड्यापासून माशीपर्यंत सुमारे दोन आठवडे धरा. कोष झाले की ते वेगळ्या स्वच्छ बरणीत काढा आणि निघालेल्या माशांना एक दिवस साखरेचं पाणी भिजवलेल्या कापसावर ठेवा, मग द्या.

औषध न लावलेल्या तांदळात वाढलेले पतंगही छान चालतात. बिनऔषधाचे दोन मूठ तांदूळ त्यासाठी वेगळ्या डब्यात बाजूला ठेवले तरी काम होतं.

मीलवर्म म्हणजे पिवळ्या अळ्या विकत मिळतात आणि कोंड्यावर वाढतातही. ओलाव्यासाठी गाजराची चकती धुऊन, सोलून द्या. पण ही अळी चरबीने जड, एकटीवर कोळी ठेवू नये. ती डब्यात लपून बसते आणि कात टाकत असलेल्या कोळ्याला कुरतडू शकते. द्यायची तर चिमट्याने, डोकं चेपून, डोळ्यांसमोर. रातकिड्यांचंही तसंच. रात्रभर डब्यात राहिलेल्या रातकिड्याने, कात टाकायला विणलेल्या झोळीत बसलेल्या कोळ्याचा पाय खाल्ल्याच्या घटना पाळणाऱ्यांना नव्या नाहीत.

विकतचे किडे आले की लगेच देऊ नका. तीन-चार दिवस वेगळ्या डब्यात, स्वच्छ खाण्यावर ठेवा. त्यांना परसातला भोपळा किंवा सोललेलं गाजर घाला. बाजारातली पालेभाजी नको, कारण आपण कोळ्याला कितीही जपलं तरी किड्याच्या पोटातून फवारणी आत येतेच. या दिवसांत किडे उताणे पडून पाय झाडू लागले, किंवा एकापाठोपाठ मरू लागले, तर उरलेली सगळी खेप टाका. पैसे गेले तरी चालतील. घरात एकाहून जास्त कोळी असतील तर नव्या खेपेतला पहिला किडा एकालाच द्या, दोन दिवस थांबा, मग इतरांना. एकाच संध्याकाळी सगळ्यांना नवी खेप वाटणं ही सर्वांत महागात पडणारी घाई आहे.

घास देताना

किडा कोळ्याच्या पोटापेक्षा फार मोठा नसावा. पिल्लांना दोन-तीन दिवसांनी, मोठ्यांना तीन ते पाच दिवसांनी घास पुरतो. दिवस मोजण्यापेक्षा पोट बघा. भरलेलं, गोल पोट असेल तर थांबा; चपटं, सुरकुतलेलं दिसलं तर द्या. फार फुगलेलं पोट पडताना फुटू शकतं. उरलेला किडा आणि चोथा त्याच दिवशी काढा, आपल्या हवेत त्यावर दुसऱ्या दिवशी बुरशी दिसते.

पाण्याबद्दल परदेशी सल्ला जसाच्या तसा घेऊ नका. रोज फवारा मारा असं तिथे लिहितात. जुलैमध्ये रत्नागिरीत किंवा मालवणात तसं केलं तर डबा कुजेल. पावसाळ्यात दोन-तीन दिवसांनी काचेच्या एका कोपऱ्यात दोन थेंब पुरतात, आणि डब्याला समोरासमोर जाळीच्या खिडक्या हव्यातच. मार्च ते मे, आणि डिसेंबर-जानेवारीत कोरडा वारा सुटतो तेव्हा, रोज एका भिंतीवर थेंब द्या. पाणी उकळून गार केलेलं किंवा फिल्टरचं. फवाऱ्याची बाटली नवी घ्या. फिनेलची, काच पुसायच्या पाण्याची किंवा झाडावर औषध मारायची बाटली कितीही धुतली तरी नको.

एका वहीत तारीख, किडा कोणता, कुठल्या बरणीतला, कात कधी टाकली एवढं लिहा. आजारपणात याच चार ओळी सगळ्यात उपयोगी पडतात.

अचानक आजारी दिसला तर

आधी खात्री करा की तो खरंच आजारी आहे. खाणं सोडलंय, पोट भरलेलं आहे, आणि कोपऱ्यात पांढरी जाड झोळी विणून आत बसलाय, तर तो कात टाकायच्या तयारीत आहे. काही दिवस ते दोन-तीन आठवडे तो बाहेर येणार नाही. झोळी फाडून बघू नका. तसं करून मारलेले कोळी आजाराने मेलेल्यांपेक्षा कमी नसतील. डब्यातले किडे काढा, एका भिंतीवर थेंबभर पाणी द्या आणि सोडून द्या. अंड्यांवर बसलेली मादीही खाणं टाळते. वयात आलेला नर काही महिन्यांत थकतो, उडी चुकतो, काचेवर पाय टिकत नाहीत. तो म्हातारपणाचा भाग आहे, त्याला खाली, मऊ पृष्ठभागावर आणि पाण्याजवळ ठेवा.

यातलं काही नसेल तर पुढचं काम लगेच करा.

सर्वप्रथम डब्यातून किडे बाहेर काढा. ज्याच्यावर संशय आहे तो किडा, अर्धा खाल्लेला असला तरी, कागदात बांधून तारीख टाकून वेगळा ठेवा आणि त्या बरणीतून कोणालाच काही देऊ नका. खोलीत मशीन, अगरबत्ती, रंग, स्प्रे काही चालू असेल तर कोळी त्या खोलीतून हलवा. मग नवा, कधीच कशालाही न वापरलेला छोटा पारदर्शक डबा घ्या. झाकणाला आणि बाजूला टाचणीने भोकं पाडा, तळाशी पाण्यात भिजवून घट्ट पिळलेला बिनवासाचा टिश्यू घाला आणि कोळ्याला मऊ ब्रशने किंवा कागदाच्या कडेने हलकेच त्यावर घ्या. बोटांनी धरू नका, पोट फार नाजूक असतं. उंची कमी हवी, म्हणजे पडून लागणार नाही. डबा सावलीत, घरातल्या नेहमीच्या तापमानाला ठेवा. दिवा, गरम पाण्याची पिशवी, पंख्याचा थेट झोत यांपैकी काही नको.

आता लक्षणं बघा.

पाय आत वळलेत, पोट चपटं आणि सुरकुतलेलं आहे, पण झटके नाहीत: बहुधा तहान. ब्रशच्या टोकावर पाण्याचा छोटा थेंब घेऊन जबड्यांना टेकवा. कोळी पीत असेल तर तोंडाजवळचे आखूड अवयव हलताना दिसतात. उताणा करू नका आणि पोटाचा खालचा भाग पाण्यात बुडू देऊ नका, फुप्फुसांची छिद्रं तिथेच असतात. अर्ध्या तासाने पुन्हा एक थेंब. काही तासांत पाय सैल झाले तर आशा आहे.

पाय थरथरतात, झटके येतात, चाल अडखळते, मागे सरकतो, उडी भलतीकडे जाते, उताणा पडून उठता येत नाही: विषबाधेचा संशय धरा. पाळणारे याला डीकेएस, म्हणजे डिस्कायनेटिक सिंड्रोम, म्हणतात. ते आजाराचं नाव नसून अशा लक्षणांच्या एकत्रित दिसण्याचं नाव आहे, आणि कीटकनाशक हे त्यामागचं ठळक संशयित कारण. कोणत्या औषधाने झालं हे लक्षणांवरून घरी ओळखता येत नाही. पाण्याचा थेंब द्या, अन्न देऊ नका, डबा झाकून अंधार आणि शांतता ठेवा. मध, ओआरएस, हळद, माणसांची किंवा कुत्र्यांची औषधं यांतलं काहीही देऊ नका. दर तासाला उघडून हात लावून बघू नका, स्पर्शाने झटके वाढतात.

पायातून पाण्यासारखा किंवा निळसर द्रव झिरपतोय: जखम आहे. पायाच्या छोट्या जखमेवर ब्रशने किंचित कॉर्नफ्लोअर टेकवलं तर स्राव थांबायला मदत होते. पाय गेला तरी वाढत्या वयातला कोळी पुढच्या कातींमध्ये तो परत वाढवतो. पोटच फाटलं असेल तर मात्र बहुतेक वेळा इलाज नसतो.

कातेत पाय अडकलाय: ओढू नका. टिश्यूचा ओलावा वाढवा, अडकलेल्या जागी ब्रशने पाण्याचा अंश लावा आणि त्याला स्वतःला सोडवू द्या.

पोट एका बाजूने वेडंवाकडं फुगलंय आणि आत काही हलल्यासारखं दिसतं: परजीवी. उपचार नाही. इतर कोळ्यांपासून दूर ठेवा, बाहेर पडलेली अळी त्यांच्या डब्यांजवळ जाऊ देऊ नका. अंगावर पांढरी लव आली तर ती बुरशी. गिबेल्युलासारख्या काही बुरशी तर कोळ्यांवरच वाढतात. तो डबा बाकीच्यांच्या खोलीतून बाहेर न्या आणि त्यातली माती, फांद्या, कागद जाळून टाका.

पुढचे काही दिवस

विषबाधेचा पहिला दिवस सर्वांत कठीण. झटके कमी होत गेले, कोळी स्वतःच्या पायांवर उभा राहिला, समोर बोट हलवल्यावर मान वळल्यासारखा तो वळला, तर चांगलं लक्षण आहे. तरी दोन-तीन दिवस फक्त पाणी. पोट भरलेलं असेल तर उपाशी राहून त्याचं काही बिघडत नाही.

या काळात जुना डबा तपासा. लाकडाची फांदी कुठून आणली होती? शेवाळ कलमाच्या खोडावरचं तर नव्हतं? पाने-फांद्या टाकून द्या. डबा गरम पाण्याने आणि साबणाने घासा, भरपूर पाण्याने खळबळा आणि दोन दिवस उन्हात ठेवा. प्लास्टिकच्या डब्याला औषधाचा वास लागला असेल तर तो पुन्हा वापरू नका. बाटलीतलं पाणी ओता, बाटली बदला. वही काढून शेवटच्या दोन घासांची नोंद बघा आणि त्याच खेपेतले उरलेले किडे अजून जिवंत आणि चपळ आहेत का ते तपासा. ते ठणठणीत असतील तर शोध हवेकडे आणि डब्याकडे वळवा. तेही मंदावलेले असतील तर ती बरणी उकळत्या पाण्याने मारून पुरून टाका. कोंबड्यांपुढे किंवा उघड्यावर टाकू नका.

कोळी नीट चालायला लागला की पहिला घास नेहमीपेक्षा लहान द्या: घरच्या बरणीतलं एखादंच चिलट, किंवा मोठ्या कोळ्याला स्वतःच्या हाताने मारलेली घरची लहान माशी, चिमट्याने तोंडाजवळ. पकडलं तर उत्तम. नाही पकडलं तर तासाभराने काढून घ्या, आणि दोन दिवसांनी पुन्हा द्या.